घंटा एकदाच दाबावी

सन्माननीय अध्यक्ष महोदय; त्यांच्या शेजारी बसलेले आमचे कार्यकारी संचालक, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतो; व्यासपीठावरची इतर थोर मंडळी; पहिल्या रांगेतल्या आमच्या वहिनी, ज्यांच्या यजमानांना आज आपण निरोप देतोय; समोर बसलेले सॉफ्टवेअरवाले, जोडणीवाले, हिशेबवाले, त्यांची घरून आलेली माणसं; आणि मागे दाराला टेकून उभ्या असलेल्या आपल्या सफाईच्या मावशी. मावशी, उभ्या का तुम्ही? खुर्ची आहे ना तिथे. बसा. अहो, बसा म्हणते ना! हं. तर सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

उत्सवमूर्तींना नमस्कार राहिला, असं कोणी म्हणेल. राहिला नाही, करता आला नाही. कारण त्यांची खुर्ची रिकामी आहे. ‘येतीलच इतक्यात, आपण सुरू करू’ असं मघाशी सांगण्यात आलं आणि कार्यक्रम सुरू झालासुद्धा. साहेबांचं भाषण झालं, त्या खुर्चीकडे बघून. पुष्पगुच्छ दिला, तो खुर्चीला. भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही खुर्चीवर टेकवून ठेवलं, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या अध्यक्षांनी शेजारी वाकून विचारलं, ‘अहो, पण ते आहेत कुठे?’ त्यांना उत्तर मिळालं, ‘वाटेत आहेत.’ ते खोटं नाही. मास्तर वाटेतच आहेत.

सुरुवात करण्याआधी या फोनबद्दल सांगते. हा माझा नाही, खालच्या चौकीतला आहे. चौकीदारदादांकडून मागून आणलाय आणि मुद्दाम माझ्यासमोर, या माइकजवळ ठेवलाय. तो वाजला तर मी वाक्य अर्धं टाकून तो घेईन, तेवढी मुभा द्या. वाजतो का, ते आधी बघू. माझ्या मोबाइलवरून लावते. हं, वाजला. मागे ऐकू आलं? शेवटच्या रांगेत? छान. म्हणजे फोन ठणठणीत आहे, एवढं लक्षात ठेवा.

मला ओळखत नसलेल्यांसाठी सांगते, मी चाचणी विभाग सांभाळते. तोंडावर मला मॅडम म्हणतात, पाठीमागे हातोडीबाई. साहेब, हसू नका, तुम्हीच ठेवलंय ते नाव. माझं काम काय, तर इथल्या हुशार मंडळींनी लिफ्टसाठी जे डोकं बनवलं, म्हणजे लिफ्ट चालवणारी ती पेटी आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर, ते मोडतं कुठे ते शोधायचं. लिफ्टचा दोर, ब्रेक, दाराचं कुलूप यांचं आमच्याकडे काही नाही, त्यांच्या तारा वेगळ्या असतात. घरच्या मंडळींनी घाबरू नये, लिफ्ट खाली पडणार नाही. मी आज बोलणार आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

काल साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘मॅडम, मास्तरांबद्दल दोन चांगले शब्द बोला. फार खोलात जाऊ नका, पाहुणे आहेत.’ साहेब, चांगले शब्द माझ्याकडे दोनच काय, पोतंभर आहेत. पण खोलात न जाता मास्तरांबद्दल बोलायचं कसं, ते काही मला जमत नाही. चोवीस तास खोलात राहणाऱ्या माणसाबद्दल वरवर बोलणं हा त्यांचा अपमान होईल.

त्यांना मास्तर का म्हणतात ते बाहेरच्यांना ठाऊक नसेल. त्यांच्या टेबलामागे एक फळा आहे, काळा, खडूचा. सगळ्यांच्या टेबलांवर चकचकीत पडदे आले तरी तो हलला नाही. कोणीही जाऊन काहीही विचारा, मास्तर खडू उचलणार. बाहीला खडू, चष्म्याला खडू. वहिनी म्हणतात, ‘तुमच्या कंपनीने यांचे शर्ट धुवायचा भत्ता द्यायला हवा होता.’ आणि घरीसुद्धा तेच हो! वहिनींनी चार कामं सांगितली की मास्तर म्हणणार, ‘एकदम नको, रांगेत लाव, एकेक उचलतो.’ एकदा वहिनी तापाने फणफणल्या होत्या. त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं, भाजी, दूध, इस्त्रीचे कपडे आणि माझं औषध. अर्ध्या तासात मास्तर औषध घेऊन दारात. भाजी नाही, दूध नाही. वहिनींनी विचारलं, रांगेत औषध शेवटी होतं ना? तर म्हणाले, ‘औषध त्या रांगेत नसतंच. औषधाची रांग वेगळी.’ वहिनी, मान हलवताय, म्हणजे खरं आहे ना? हां.

आता सॉफ्टवेअरवाल्यांनी हवी तर जांभई द्यावी, मी बाकीच्यांसाठी जरा सोपं करून सांगते. लिफ्टच्या पेटीतल्या चिपवर एक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चालते. रिअल-टाइम म्हणजे फार वेगवान असं नाही. ठरलेलं काम ठरल्या वेळेच्या आत झालंच पाहिजे, उशिरा झालं तर झालंच नाही असं धरायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्या चिपवर बरेच कामकरी एकाच वेळी राबत असतात, त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एक बटणांवर लक्ष ठेवतो, एक दार सांभाळतो, एक पडद्यावर मजला दाखवतो, एक बाहेर फोन लावतो. यांनी एकमेकांशी बोलायचं कसं? दुसऱ्याच्या कामात हात घातला की गोंधळ. म्हणून मध्ये एक रांग ठेवतात, तिला मेसेज क्यू म्हणतात. मास्तर हॉटेलचं उदाहरण द्यायचे. वेटर स्वयंपाकघरात शिरत नाही, आचारी बाहेर येत नाही. दोघांमध्ये एक खिडकी. वेटरने चिठ्ठी लावली की तो दुसऱ्या टेबलाकडे जायला मोकळा. आचारी जी चिठ्ठी आधी आली ती आधी उचलतो. चिठ्ठी नसेल तर खुशाल डुलकी काढतो, चिठ्ठी आली की जागा होतो. कोणी कोणाच्या अंगावर पडत नाही, कोणाचा शब्द अर्धवट राहत नाही. किती साधी सोय आहे बघा!

पण खिडकीवर चिठ्ठ्यांना जागा मोजकी. समजा, दहा. चिपमध्ये मेमरी थोडी, त्यामुळे हा आकडा आधीच ठरवून टाकावा लागतो. मास्तर फळ्यावर दहा चौकोन काढायचे, दहाही भरायचे, आणि समोरच्या पोराच्या हातात खडू देऊन विचारायचे, ‘आता अकरावी चिठ्ठी आली. काय करशील?’ या सभागृहातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याला हा प्रश्न विचारला गेलाय. हात वर करा बघू. बघा, सगळे! कोणी म्हणायचं, वेटर थांबेल. किती वेळ थांबेल, तोवर त्याच्या बाकीच्या टेबलांचं काय? कोणी म्हणायचं, वेटर परत जाऊन गिऱ्हाइकाला सांगेल की आत्ता जमत नाही. हे मास्तरांना चालायचं. निदान गिऱ्हाइकाला खरं काय ते कळलं. आणि एखादा पठ्ठ्या म्हणायचा, सर, सगळ्या चिठ्ठ्या काढून केरात टाकू आणि आपली नवी लावू. मग मास्तर हसायचे. मोठ्याने नाही, मिशीतल्या मिशीत. म्हणायचे, ‘तू जेवायला कुठल्या हॉटेलात जातोस रे? मला सांगून ठेव, मी तिथे जाणार नाही.’

आणि हेच आपल्या लिफ्टमध्ये झालं. अध्यक्ष महोदय, हेच झालं! तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी सांगते.

मास्तरांच्या मूळ रचनेत लिफ्टमधल्या त्या लाल घंटेला स्वतःची वेगळी रांग होती. अडकलेल्या माणसाने घंटा दाबली की तिची चिठ्ठी सरळ फोन लावणाऱ्या थ्रेडकडे, आधी ती, मग बाकी सगळं, आणि चौकीतला फोन वाजणार. बटणातला दिवासुद्धा तेव्हाच लागायचा, जेव्हा फोनवाल्या थ्रेडने ती चिठ्ठी खरोखर उचलली. दिवा लागला म्हणजे बाहेर कळलं. आतल्या माणसाला दिलेला शब्द होता तो.

मग साहेब एका प्रदर्शनाला गेले आणि तिथून लिफ्टमधला जाहिरातीचा पडदा घेऊन आले. छान आहे पडदा. दात घासायची पेस्ट दिसते त्याच्यात, माणसं हसतात, फेस येतो. कोणती जाहिरात किती वेळ चालली याचा अहवाल सारखा बाहेर पाठवायचा असतो, तो पाठवणार तोच फोनवाला थ्रेड. पडद्याला मेमरी हवी. मेमरी कुठून आणायची? साहेब म्हणाले, दोन रांगा कशाला पोसता, एक करा. केली एक. घंटेची चिठ्ठी जाऊन उभी राहिली पेस्टच्या चिठ्ठ्यांमागे. मग बारीक नेटवर्कला फोनवाला थ्रेड अडायला लागला, रांग भरायला लागली, बटणवाला थ्रेड जागा मिळेपर्यंत ताटकळायला लागला, आणि दार उशिरा उघडायला लागलं. गिऱ्हाइकांसमोर शोभा झाली. त्यावर तोडगा काय काढला? तोच, केराचा! रांग भरली की सगळी झाडून टाकायची आणि नवी चिठ्ठी लावायची. एका ओळीचं काम. पडदा लोण्यासारखा चालायला लागला. आणि घंटेचा दिवा उशिरा लागतो, बरं दिसत नाही, म्हणून तो बटण दाबल्याबरोबर लावून टाकला. चिठ्ठी कोणी उचलो, न उचलो.

मास्तर बैठकीत उभे राहून बोलले होते. मी साक्षीला आहे. तेव्हा त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या. ‘पुढच्या आवृत्तीत बघू.’ आणि ही आवृत्ती सगळ्यात आधी चढवली कुठे, तर याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, म्हणजे पाहुण्यांना पडदा दाखवता येईल.

साहेब घड्याळाकडे बघताहेत. अध्यक्ष महोदय, थांबू का? नको म्हणताय. आभारी आहे.

एका शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असताना मावशी बादली आणि फडकी घेऊन लिफ्टने वर निघाल्या. वीज गेली, आली, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. तिथे नेटवर्क बारीक, म्हणजे फोनवाला थ्रेड अडलेलाच. मावशींचा मोबाइल चहाच्या खोलीत चार्जिंगला. त्यांनी घंटा दाबली. दिवा लागला. आता तुम्ही सांगा, दिवा लागल्यावर माणूस काय समजेल? समजेल, कळलं बाहेर, येताहेत. मावशी थांबल्या. कोणी आलं नाही, पुन्हा दाबली. पुन्हा दिवा. मग दाबतच राहिल्या. माणूस घाबरला की घंटा मोजून दाबतो का हो? जिवाच्या आकांताने दाबतो! त्यांच्या प्रत्येक दाबण्याची एक चिठ्ठी, आणि शेजारी पडदा चालूच, त्याच्या चिठ्ठ्या येतच होत्या. रांग भरली, झाडली. भरली, झाडली. मावशी जितक्या जास्त घाबरत होत्या तितकी रांग लवकर भरत होती, आणि त्यांची हाक पेस्टबरोबर केरात जात होती.

आणि हा फोन, हा इथे ठेवलाय तोच, त्या दिवशी चौकीत चौकीदारदादांच्या हाताशी होता. ते जागेवरून हललेसुद्धा नव्हते. हा वाजला नाही. संध्याकाळी मावशींचा मुलगा आईला शोधत आला, तेव्हा कुठे लिफ्ट उघडली. मावशी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. त्या मला म्हणाल्या, ‘ताई, मी हाका मारल्या असत्या हो. पण दिवा लागत होता ना. म्हटलं, त्यांना कळलंय, उगाच कशाला ओरडायचं.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही. घंटा बिघडलेली असती तर त्यांनी आरडाओरडा केला असता, दार बडवलं असतं, कोणीतरी ऐकलं असतं. आपण त्यांना बिघडलेली घंटासुद्धा दिली नाही. खोटं बोलणारी घंटा दिली!

पुढे काय झालं? चौकशी झाली. चौकीदारदादांवर खापर फोडलं, की तुम्ही डुलकी काढली असेल. मग मावशींना विचारलं, तुम्ही किती वेळा दाबली? जणू त्यांनीच गुन्हा केला. तिकडे मी आणि मास्तर चाचणीच्या टेबलावर बसलो, मावशींसारखंच बटण दाबत राहिलो, आणि रांग झाडली जाताना डोळ्यांनी बघितली. मास्तरांनी त्याच आठवड्यात दुरुस्ती तयार केली. घंटेची रांग पुन्हा वेगळी. ती भरलीच तर जुनी चिठ्ठी जाणार नाही, नवी नाकारली जाईल आणि तसं आत कळेल. दिवा लागेल तो चिठ्ठी उचलल्यावरच. पडद्याची थोडी मेमरी कापावी लागेल आणि सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, म्हणजे माल पाठवायला उशीर होईल, एवढंच. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आणि काय उपाय केला? प्रत्येक लिफ्टमध्ये घंटेशेजारी एक स्टिकर लावला. ‘घंटा एकदाच दाबावी. सहकार्याबद्दल धन्यवाद.’

हसू आलं ना तुम्हाला? मलाही आलं होतं. मग मी ते पुन्हा वाचलं आणि बोटं मोडली. बुडणाऱ्या माणसाला काठावरून सांगायचं का, बाबा रे, ओरड, पण एकदाच ओरड? आणि एकदाच दाबली तरी पेस्टच्या दहा चिठ्ठ्या मागून येऊन रांग भरणारच, हे स्टिकर छापणाऱ्याला कोणी सांगायचं?

या, या, आत या. बसा. धापा लागल्यात तुम्हाला. काय म्हणताय, लिफ्ट येत नाही? हो, मला ठाऊक आहे. पाणी घ्या आधी. कोणीतरी त्यांना पाणी द्या.

तर, लिफ्टचाच विषय निघालाय. साहेब, एक विचारू का? रागावू नका. तुम्ही पूर्वी तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा लिफ्टची वाट बघायचात. हल्ली जिन्याने येता. चौथ्या मजल्यापर्यंत, कोट हातावर टाकून. कोणी विचारलं तर सांगता, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय. आज सकाळी मी जिन्यावर थांबले होते. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या, गुडघे दुखतात त्यांचे. आणि त्यांच्या मागोमाग तुम्ही. या इमारतीत दोनच माणसं लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत. एक मावशी, कारण त्यांनी ते भोगलंय. दुसरे तुम्ही. मावशींच्या डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही, साहेब. तुमच्या डॉक्टरांना अगदी त्याच आठवड्यात बरं सुचलं!

बसा साहेब, बसा. अध्यक्ष हात वर करताहेत.

अध्यक्ष महोदय, तुम्ही ही कंपनी काढलीत तेव्हा एक रीत घालून दिली होती. नवी लिफ्ट चालू झाली की पहिल्या फेरीला गिऱ्हाईक नाही, कंपनीचा माणूस आत बसणार. ज्याने बनवली तो. सुरुवातीच्या लिफ्टमध्ये तुम्ही स्वतः बसायचात, डबा घेऊन, दिवसभर वर-खाली. मास्तर तेव्हा नवे होते, तेही तुमच्याबरोबर बसायचे. त्यांनी ती रीत कधी सोडली नाही. ज्यांनी सोडली ते हल्ली जिना चढतात.

आता हीच आवृत्ती सोमवारी कुठे जाणार आहे ठाऊक आहे? बाळंतपणाच्या हॉस्पिटलात. सात मजले, वर ऑपरेशनची खोली. अडलेली बाई स्ट्रेचरवर, बरोबर एक नर्स, लिफ्ट मध्येच थांबली. नर्स घंटा दाबणार. एकदाच? तुम्ही दाबाल एकदाच? दिवा लागणार. नर्स त्या बाईला म्हणणार, घाबरू नका हं, कळलंय त्यांना. आणि पडद्यावर पेस्टचा फेस. मास्तरांनी एवढंच सांगितलं होतं, की मी असेपर्यंत हे हॉस्पिटलात जाणार नाही. तर त्यांना सांगण्यात आलं, मग तुम्ही नसा. त्याचं नाव स्वेच्छानिवृत्ती. नोकरीची दोन वर्षं बाकी असताना, स्वतःच्या इच्छेने! आणि आज एक गुच्छ, एक घड्याळ देऊन आपण त्यांची बोळवण करतोय, तीही खुर्चीला. मूग गिळून बसलेल्या या सभागृहाचासुद्धा मला राग आलाय. तुम्ही सगळ्यांनी फळ्यासमोर हातात खडू घेतला होता. अकराव्या चिठ्ठीचं उत्तर तुम्हाला पाठ होतं.

काल संध्याकाळी मी मास्तरांना विचारलं, उद्या उत्तराच्या भाषणात काय बोलणार? ते फळा पुसत होते. म्हणाले, ‘मी काय बोलणार? मी आत बसतो. बोलायचं ते तुम्ही बोला.’ मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, ‘माझी खुर्ची रिकामी दिसली तर कोणीतरी विचारेलच. बघू या, किती जण विचारतात.’ मास्तर, एकाने विचारलं. अध्यक्षांनी. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

हो, अध्यक्ष महोदय. ते लिफ्टमध्ये आहेत. या सभागृहाबाहेरच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून. आत स्टूल आहे, पाण्याची बाटली आहे, तिसऱ्या मजल्यावर आपला फिटर किल्ली घेऊन उभा आहे, जिवाला धोका नाही. वहिनींना विचारून केलंय. वहिनी, डोळे पुसू नका हो, झालंच आता. सोमवारी ज्यात दुसऱ्याला बसवायचं त्यात आज बनवणारा बसलाय, तुमच्या रीतीप्रमाणे. आणि साहेबांचं भाषण चालू होतं तेव्हापासून, घड्याळ दिलं तेव्हा, तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा, मी हे सगळं बडबडत होते तेव्हा, मास्तर ती लाल घंटा दाबताहेत. एकदा नाही. घाबरलेला माणूस दाबतो तशी, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. आत दिवा लागतोय.

आणि हा फोन माझ्यासमोर आहे. मघाशी वाजला होता, तुम्ही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकलात. जरा सगळे गप्प बसू या.

नाही वाजला.

अध्यक्ष महोदय, माझं भाषण संपलं. तुम्ही उठलात, म्हणजे मला आणखी काही सांगायला नको. सोमवारचा माल थांबवायचा की नाही, ते दार उघडल्यावर आत बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवा. एक मजला खाली उतरायचंय, जिन्याने. साहेब, तुम्हीही चला, जिना तुम्हाला पाठ आहे. तो गुच्छ खुर्चीवरून उचला आणि बरोबर घ्या, ज्याचा आहे त्याच्या हातात द्या.

मला बोलू दिलंत त्याबद्दल अध्यक्षांची मी ऋणी आहे. चौकीदारदादांनी फोन दिला, फिटरने किल्ली सांभाळली, वहिनींनी आपला माणूस लिफ्टमध्ये बसू दिला, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. रागाच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, जीभ कुठे घसरली असेल, तर लहान समजून पोटात घाला. ज्यांना माझं बोलणं अगदीच सहन झालं नाही त्यांनी माझ्याही निरोपाची तारीख ठरवावी, मी गुच्छ घ्यायला वेळेवर येईन.

आणि मावशी, तुम्ही सगळ्यांच्या पुढे व्हा. सावकाश उतरा, कठडा धरा, घाई नाही. पण दाराशी पोचल्यावर बाहेरून पहिली हाक तुम्हीच मारा. मोठ्याने मारा. आत बसलेल्याला कळू दे, की आलं कोणीतरी.